अर्क झाडाचा, म्हणून निर्धास्त?

मुळशीत भाताची लावणी उरकते आणि खाचरांत दुसरी लढाई सुरू होते. रोपे मूळ धरण्याआधीच तण डोके वर काढते. सावा कोवळेपणी भातासारखाच दिसतो. नवख्याच्या हातून सावा राहतो आणि भात उपटला जातो. लव्हाळा वरून खुरपला तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो. केना आणि माका बांधावरून खाचरात कधी उतरतात ते कळतही नाही. लावणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे असतात. तेवढ्यात तण आवरले तर भात पुढे त्याला दाबून टाकतो. नाहीतर खत, पाणी आणि ऊन यांचा वाटा तणच खाऊन जाते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार दहा प्रमुख पिकांत तणांमुळे देशाचे वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलरचे नुकसान होते. लावणीच्या भातात तोटा १४ टक्क्यांच्या, तर पेरभातात २१ टक्क्यांच्या आसपास जातो.

हे तण काढते कोण? बहुतेक ठिकाणी बायका. कमरेतून वाकून, घोटाभर चिखलात, डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन दिवसच्या दिवस. पावसाळ्यात सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात या कामाचा हिशेब दिसतो. धरलेली कंबर, सुजलेले गुडघे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरांवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस. बांधावरच्या गवतातली घोणस. तेव्हा हाताने केलेली बेणणी म्हणजे निसर्गाशी जवळीक, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे; ज्यांच्या पाठीवर ती पडते त्यांना ते पटणार नाही.

शिवाय माणसे मिळत नाहीत. पिरंगुटच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या इमारतींत घरातली तरुण मंडळी कामाला जातात. एकमेकांच्या शेतावर सावडीने राबण्याची रीत आटत चालली आहे. अशा वेळी पाठीवर पंप घेऊन तासाभरात होणारे काम कोण नाकारेल? तणनाशकांचा वापर वाढला तो शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर त्याच्या अडचणीमुळे. ही गोष्ट आधी मान्य केली तरच पुढचा विचार खरा होईल.

आता या अडचणीवर एक नवा उपाय बोलला जाऊ लागला आहे: वनस्पतींच्या अर्काने तण मारायचे. ज्वारीच्या ताटांचे पाणी, निलगिरीचे तेल, सूर्यफुलाच्या पानांचा काढा. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागे शास्त्रही आहे. मात्र तिच्याबरोबर एक समजूत गुपचूप आत येते आणि ती धोक्याची आहे. झाडापासूनचे, म्हणजे निरुपद्रवी, ही ती समजूत.

आधी शास्त्र पाहू. एक वनस्पती रसायने सोडून शेजारच्या दुसऱ्या वनस्पतीच्या वाढीवर परिणाम करते, या प्रकाराला हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ‘अ‍ॅलेलोपथी’ असे नाव दिले. नाव नवे, पण अनुभव जुना. निलगिरीखाली गवत नीट धरत नाही, ज्वारीनंतरचे पीक कधीकधी मार खाते, हे आपल्याकडचे जुने शेतकरी जाणतात. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून तेलकट थेंब पाझरतात. त्यांतल्या मुख्य द्रव्याला ‘सोर्गोलिऑन’ म्हणतात. शेजारच्या कोवळ्या तणाची प्रकाशापासून अन्न बनवण्याची क्रिया ते अडवते.

पाकिस्तानातील फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात यावर अनेक वर्षे काम झाले. ज्वारीची वाळलेली ताटे बारीक चिरून दहापट पाण्यात दिवसभर भिजवायची, गाळून घ्यायची आणि ते पाणी गव्हावर फवारायचे, अशी ही साधी रीत. या पाण्याला त्यांनी ‘सोर्गाब’ म्हटले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत गव्हातील तणाचे वजन एक तृतीयांशापासून जवळपास निम्म्यापर्यंत घटले. हे यश छोटे नाही, पण त्याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. निम्मे तण गेले म्हणजे निम्मे उरले. म्हणून त्याच संशोधकांनी पुढे हा अर्क आणि तणनाशकाची कमी केलेली मात्रा एकत्र वापरून पाहिली, आणि कमी रसायनात जवळपास तेवढेच काम होते असे त्यांना दिसले. डॉक्टरी नजरेने पाहिले तर खरा फायदा इथे आहे. विष शून्यावर आले नाही, पण फवारणाऱ्याच्या अंगावर पडणारे प्रमाण घटले.

भातही या बाबतीत मुका नाही. १९७३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या तुसातून ‘मोमिलॅक्टोन’ नावाची द्रव्ये वेगळी केली. इतर रोपांची वाढ ती रोखतात. पुढे कळले की भाताच्या मुळांतूनही ती जमिनीत उतरतात, आणि शेजारी सावा असला तर अधिक उतरतात. जणू भाताला शेजारी ओळखू येतो. अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यात जगभरातून जमवलेले भाताचे हजारो वाण याच गुणासाठी तपासले गेले, आणि त्यांतले काही तणाला दूर ठेवण्यात खरोखर उजवे ठरले.

ही झाली आशेची बाजू. आता पुणेकरांच्या ओळखीचे एक उदाहरण पाहू. गाजरगवत. परदेशातून आलेले हे तण पुण्याच्या परिसरात पसरल्याची शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथून ते देशभर गेले. ज्या जागी ते उगवते तिथे दुसरे फारसे काही उगवू देत नाही, कारण त्याच्या पानाफुलांत ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. साहजिकच त्याच्याच अर्काने इतर तणे मारण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झाले आहेत. फुकटात मिळणारा, वाट्टेल तितका, शंभर टक्के नैसर्गिक कच्चा माल. याहून काय हवे?

पण हेच पार्थेनिन माणसाच्या त्वचेचे काय करते, हे पुण्यातील डॉक्टरांनी फार आधी पाहिले होते. गाजरगवताने होणाऱ्या त्वचादाहाचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी केलेले वर्णन १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आले. चेहरा, मान, कोपराचा खळगा, पापण्या, म्हणजे जिथे जिथे हवेतून उडालेली पूड बसते तिथे कातडी लाल होते, जाड होते, सतत खाजते. उन्हात जाववत नाही, रात्री झोप लागत नाही. एकदा शरीराला याची वावडी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते. काही रुग्णांना गाव सोडावे लागते, काहींना वर्षानुवर्षे स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. तणाला मारणारे द्रव्य आणि माणसाला छळणारे द्रव्य इथे एकच आहे. त्याचा अर्क काढून, पंपात भरून, वाऱ्यावर फवारायचा आणि वर ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावायची, याला काय म्हणावे?

वनस्पती ही रसायने माणसाच्या भल्यासाठी तयार करत नाही. तिला पळता येत नाही, म्हणून ती रसायनांनी लढते. कण्हेर, धोतरा, रुई, एरंड ही सारी झाडे नैसर्गिकच आहेत, आणि त्यांच्या विषबाधेचे रुग्ण सरकारी रुग्णालयांत आजही येतात. किडीसाठी घरोघरी बनणाऱ्या दशपर्णी अर्कात यांतली काही पाने पडतात. तो अर्क ढवळताना, गाळताना, फवारताना हातमोजे घालणारा माणूस विरळा. कारण एकच: घरचा आहे, झाडपाल्याचा आहे, त्याला काय होते!

मग वनस्पतींचा हा मार्ग सोडून द्यायचा का? नाही. उलट, तो नीट चालला तर कुठे पोचतो याची एक विलक्षण गोष्ट वैद्यकालाच ठाऊक आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रासायनिक कंपनीच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की ‘बॉटलब्रश’च्या झाडाखाली तण फारसे येत नाही. लाल ब्रशासारख्या फुलांचे हे झाड पुण्याच्या बागांतही दिसते. त्या झाडातून ‘लेप्टोस्पर्मोन’ हे द्रव्य सापडले. ते तणाची पाने पांढरी पाडते. पण ताकद कमी होती, मात्रा फार लागे. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या साच्यावर नवे रेणू घडवले. त्यांतून ‘मेसोट्रायोन’ हे मक्यातले तणनाशक तयार झाले आणि २००१ च्या सुमारास बाजारात आले.

गोष्ट इथे संपत नाही. याच घराण्यातल्या आणखी एका रेणूची चाचणी उंदरांवर चालू असताना त्यांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला इजा झाली. शोध घेतला तेव्हा दिसले की त्यांच्या रक्तात ‘टायरोसिन’ हे अमिनो आम्ल साठत होते. तणाची पाने पांढरी करणारा रेणू जे विकर अडवतो, तेच विकर प्राण्यांच्या शरीरात टायरोसिन मोडण्याचे काम करते. तणनाशक म्हणून तो रेणू मागे पडला. पण टायरोसिनीमिया नावाच्या एका दुर्मीळ जन्मजात आजारात टायरोसिन मोडताना विषारी पदार्थ तयार होतात आणि तान्ह्या बाळाचे यकृत निकामी होते. त्या साखळीतली आधीची कडीच अडवली तर? १९९१ पासून स्वीडनमध्ये अशा बाळांना हा रेणू दिला गेला आणि ती जगू लागली. त्या औषधाचे नाव निटिसिनोन. त्याआधी यकृत बदलणे हाच बहुतेकांचा शेवटचा उपाय होता.

एका झाडाखाली तण का उगवत नाही, या प्रश्नातून एक तणनाशक आले आणि एक जीवनदायी औषध आले. दोन्हींच्या मध्ये काय होते? चाचणी होती. उंदराच्या डोळ्यात काय होते ते कुणी तरी पाहिले, लिहून ठेवले, त्याचे कारण शोधले. मूळ स्रोत झाड होते म्हणून तो रेणू सुरक्षित ठरला नाही आणि कारखान्यात बनला म्हणून धोकादायकही ठरला नाही. किती मात्रेत, कुणाच्या शरीरात, काय होते, हे तपासले गेले म्हणून त्याची जागा ठरली. वैद्यकात हा नियम सर्वांना मान्य आहे. आयुर्वेदातही बचनाग शोधनाशिवाय वापरत नाहीत. शेतात मात्र हा नियम आपण सहज विसरतो.

आपल्या बोलण्यातही हा विसर दिसतो. शेतीत विषालाही ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारले’, ‘औषध आणले’, ‘औषधाचा डबा’. रात्री रुग्णालयात आणलेल्या माणसाच्या नातेवाइकांना विचारले की काय प्यायले, तर उत्तर येते, ‘औषध’. कोणते? ‘गवताचे.’ बाटली कुठे आहे? बाटली नसते, किंवा असते ती शीतपेयाची, वरचे लेबल गेलेली. दुकानातून सुटे आणलेले, शेजाऱ्याकडून अर्धे घेतलेले. पुढचे उपचार त्या एका नावावर अवलंबून असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. ती प्रामुख्याने कीटकनाशके होती. पंपात नेमके काय काय मिसळले होते, हा प्रश्न तेव्हाही पुन्हा पुन्हा पुढे आला.

तणनाशकांमध्ये सगळी सारखी नाहीत, हे सांगणेही आवश्यक आहे. भातात वापरल्या जाणाऱ्या काहींची तातडीची विषबाधा तुलनेने सौम्य असते. दुसऱ्या टोकाला आहे पॅराक्वाट. त्यावर उतारा नाही. ते पोटात गेले की फुप्फुसांत साठते आणि फुप्फुसे हळूहळू घट्ट होत जातात. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घरच्यांना ओळखतो आणि दिवसागणिक त्याचा श्वास कमी होत जातो. प्राणवायू द्यावा तर त्याने इजा वाढण्याची भीती. ज्या वॉर्डात असा रुग्ण असतो तिथे डॉक्टर आणि परिचारिका हतबल होऊन उभे राहतात. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, केरळने २०११ मध्ये बंदी घातली. श्रीलंकेने २००८ ते २०११ या काळात ते टप्प्याटप्प्याने बंद केले. त्यानंतर तिथे कीटकनाशके व तणनाशके पिऊन होणारे मृत्यू घटले, आणि शेतीचे उत्पादन कोसळल्याचे दिसले नाही. संतापाच्या एका क्षणी हाताशी काय आहे, यावर माणूस वाचतो की जातो हे ठरते.

वनस्पतिजन्य पर्यायाची गरज आहे ती यासाठी. पॅराक्वाटचा डबा घरातून जावा आणि त्याच्या जागी कमी घातक काही यावे, हे आरोग्याच्या दृष्टीने मोठे काम ठरेल. पण ‘कमी घातक’ हे शब्द चाचणीनंतर लिहायचे असतात, जाहिरातीत नव्हे.

शेतातल्या परिणामाबद्दलही प्रामाणिकपणा हवा. काचेच्या तबकडीत ओल्या कागदावर तणाचे बी ठेवून त्यावर अर्क ओतला की बी उगवत नाही. असे शोधनिबंध ढिगाने आहेत. पण तबकडी म्हणजे मुळशी नव्हे. जमिनीतले जिवाणू ही रसायने काही दिवसांत खाऊन टाकतात. आणि पाऊस? जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अशा पाण्यात पानावर मारलेला अर्क किती वेळ टिकणार? शिवाय तणाचे बी जो अर्क रोखतो तो भाताचे रोपही रोखू शकतो. ज्वारीचे पाणी गव्हात चालले म्हणून ते भातात, भर पावसात, तितकेच चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी इथल्याच खाचरात दोन-तीन हंगाम प्रयोग करावा लागेल.

मग वाहून गेलेला अर्क जातो कुठे, हाही प्रश्न आहे. मुठेवरचे टेमघर धरण मुळशी तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी खडकवासल्याच्या साखळीतून पुण्याच्या नळांना येते. मुळशीच्या उतारावर काय फवारले जाते, हा केवळ मुळशीकरांचा प्रश्न नाही. तो पेठांतला, कोथरूडचा, हडपसरचाही आहे. रसायन असो वा अर्क, पाण्यातल्या मासे-बेडकांवर आणि पाणी पिणाऱ्या माणसांवर त्याचा काय परिणाम होतो हे पाहिल्याशिवाय ते उतारावर ओतू नये.

आणखी एक गोष्ट तणाच्या यादीत बसत नाही. श्रावणात मुळशीच्या बायका बांधावरून टाकळा, कुर्डू, केना खुडून आणतात. ज्याला कृषी खाते तण म्हणते ते कुणाच्या ताटातली भाजी असते. फवारलेल्या बांधावरची भाजी फवारणी कळल्याशिवाय खाल्ली जाते. अर्क फवारला तरी हा धोका तसाच राहतो. फवारणी कधी झाली, हे शेजारणीला कळण्याची काही तरी रीत गावाने ठरवली पाहिजे. बांधाच्या टोकाला काठीवर लाल फडके बांधले तरी पुरे.

कायदा काय सांगतो? १९६८ चा कीटकनाशक कायदा तणनाशकांनाही लागू आहे, आणि मूळ वनस्पतीचे आहे म्हणून सूट नाही. कडुनिंबापासून बनवलेली कीटकनाशकेही नोंदणी करूनच विकावी लागतात. तरीही ‘जैविक’, ‘सेंद्रिय’, ‘वनस्पती अर्क’ अशा नावांच्या बाटल्या नोंदणीशिवाय विकल्या जातात. अशा बाटल्यांत चक्क रासायनिक विष मिसळलेले सापडल्याची उदाहरणे देशात आहेत. शेतकरी हातमोज्यांशिवाय फवारतो कारण त्याला ते निरुपद्रवी वाटते. डॉक्टर उपचारात चुकतो कारण त्याला ते झाडपाल्याचे वाटते. ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने दोघेही फसतात.

वनस्पतींच्या या शक्तीचा उपयोग बाटलीत भरूनच करायला हवा असेही नाही. उत्तम उदाहरण आहे केनियातले. ज्वारी-मक्याच्या मुळांवर जगणारे एक परजीवी तण आहे. आपण त्याला टारफुला म्हणतो. पिकाच्या मुळांतून येणारा रासायनिक इशारा मिळाला की त्याचे बी जागे होते आणि मुळाला चिकटते. केनियातील कीटक संशोधन केंद्राने मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वेल लावायला सांगितली. तिच्या मुळांतली द्रव्ये टारफुल्याचे बी फसवून जागे करतात, पण त्याला पिकाच्या मुळाशी पोचू देत नाहीत. जनावरांना चाराही मिळतो. बाटली नाही, पंप नाही, नाकातोंडात जाणारा फवारा नाही.

भातासाठी असा विचार इथेही करता येतो आणि त्याची मुळे इथेच आहेत. रोपवाटिकेच्या जागी राब भाजण्याची जुनी रीत तणाचे बी मारण्यासाठीच होती. तिने झाडांच्या फांद्या आणि धूर यांची किंमत घेतली, पण तिच्यामागचा विचार बरोबर होता. भाताच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख, गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि ठरावीक अंतरावर लावणी सांगितली आहे. ओळीत लावणी झाली की कोनोवीडर चालतो आणि तण उभ्याने काढता येते. बाईची कंबर वाचते ती इथे. लावणीनंतर खाचरात दोन-तीन बोटे पाणी धरून ठेवले तर सावा आणि बरीचशी गवते उगवतच नाहीत. गिरिपुष्पाला कोकणात उंदीरमारी म्हणतात, हे मात्र विसरू नये. पाला हिरवा असला तरी तो जनावरांना किती आणि कसा द्यायचा, हे विचारूनच.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. मुळशीचा आंबेमोहर आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी यांच्यात तण दाबण्याचा गुण किती आहे, हे कृषी विद्यापीठाने तपासावे. जगातल्या भातांची अशी तपासणी झाली, मग मावळातल्या वाणांची का नको? ज्वारीचे पाणी आणि कमी मात्रेचे तणनाशक यांचा प्रयोग इथल्या खाचरांत, इथल्या पावसात व्हावा. प्रत्येक अर्काची त्वचेवर, डोळ्यावर, माशांवर चाचणी व्हावी आणि बाटलीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, आत काय आहे ते लिहावे. पॅराक्वाटबाबत महाराष्ट्राने केरळकडे पाहून निर्णय घ्यावा. कोनोवीडर गावातल्या बचत गटाकडे भाड्याने मिळावा, म्हणजे यंत्र बायकांच्या हाती येईल.

तोवर घरात एवढे पाळावे. अर्क असो की रसायन, मूळ डब्यातच ठेवावे, पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतू नये, कुलपात ठेवावे. फवारताना पूर्ण बाह्या, हातमोजे, बूट, तोंडाला मास्क. वाऱ्याच्या विरुद्ध उभे राहू नये. अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. पोटात गेले तर उलटी करायला लावू नये, मीठपाणी पाजू नये, घरगुती उतारे शोधत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. आणि सोबत तो डबा घेऊन यावा. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र डॉक्टरांना चोवीस तास सल्ला देते, पण त्यालाही आधी विषाचे नाव सांगावे लागते.

झाडांनी लाखो वर्षांच्या लढाईत जी रसायने घडवली ती खरोखर कामाची आहेत. त्यांतल्या एकाने तान्ही बाळे वाचवली. उद्या त्यांतलेच एखादे मुळशीतल्या बाईची कंबर आणि तिच्या घरातल्या माणसाची फुप्फुसे वाचवू शकेल. फक्त त्या बाटलीवर ‘नैसर्गिक’ एवढेच लिहिलेले चालणार नाही. आत काय आहे, किती आहे आणि बाधा झाली तर काय करायचे, हेही तिथे लिहिलेले असले पाहिजे.